कोबीच्या शेतात पडलेलं रॉकेट

‘प्रायव्हेट रॉकेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वर जाऊन परत खाली येणारं आणि स्वतःच्या पायांवर उभं राहणारं फाल्कन, त्यामागचे अब्जाधीश, आणि भलंमोठं तिकीट काढून दहा मिनिटं अंतराळात जाऊन येणारे हौशी प्रवासी. आपली समजूत अशी असते की रॉकेट हे मुळात सरकारचं काम. आधी रशिया आणि नासा, मग आपली इस्रो, आणि आता एकविसाव्या शतकात खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या.

खरं तर गोष्ट सुरू झाली ती वेगळ्याच ठिकाणी. द्रव इंधनावर उडालेलं जगातलं पहिलं रॉकेट कुठल्याही सरकारी प्रकल्पात तयार झालं नव्हतं. ते एका कॉलेजच्या प्रोफेसरनं देणगीच्या पैशातून बनवलं आणि नात्यातल्या एका बाईंच्या शेतावरून उडवलं. त्या प्रोफेसरचं नाव रॉबर्ट हचिंग्स गॉडार्ड. आज त्यांना आधुनिक रॉकेटचे जनक म्हणतात. पण आयुष्यभर त्यांची निम्मी शक्ती रॉकेट उडवण्यात गेली आणि निम्मी त्यासाठी पैसा मिळवण्यात. प्रोजेक्टसाठी स्पॉन्सर शोधत फिरलेल्या कुणालाही हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको!

आजारी मुलगा आणि चेरीचं झाड

गॉडार्डचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावचा. लहानपणापासून तब्येत नाजूक. आज हे दुखणं, उद्या ते. शाळा इतकी बुडायची की तो वर्गमित्रांच्या मागे पडला. पण घरी पडून राहिल्यामुळे वाचन मात्र भरपूर झालं. सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी हाती पडली आणि पोरगं कामातून गेलं.

१९ ऑक्टोबर १८९९ ला तो घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या तोडायला चढला. वर बसून शेताकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, मंगळापर्यंत जाईल असं एखादं यंत्र करता आलं तर? झाडावरून उतरला तो वेगळाच होऊन. पुढे दरवर्षी १९ ऑक्टोबरची नोंद तो डायरीत सणासारखी करत असे.

आजारपणामुळे शाळा संपायला एकविसावं वर्ष उजाडलं. १९०४ मध्ये तो वर्गात पहिला येऊन बाहेर पडला आणि वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. म्हणजे आपल्यासारखाच इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी! १९०७ मध्ये यानं फिजिक्स बिल्डिंगच्या तळघरात दारूचं रॉकेट पेटवलं आणि सगळीकडे धूर करून ठेवला. प्रोफेसर मंडळी धावत आली. पण त्याला काढून टाकण्याऐवजी त्यांनी हा मुलगा करतोय काय याकडे लक्ष दिलं. १९०८ मध्ये पदवी झाली, १९११ मध्ये क्लार्क युनिव्हर्सिटीतून पीएच.डी. झाली. (स्टाफपैकी जे कुणी हे वाचत असतील त्यांनी तळघराचा मुद्दा ध्यानात ठेवावा ही नम्र विनंती.)

पेटंट आणि पाच हजार डॉलर

१९१३ मध्ये प्रिन्स्टनला संशोधन चालू असताना गॉडार्ड यांना टीबी झाला. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले. ते दोन आठवडे गेले, महिने गेले, आणि हा माणूस घरी पडल्या पडल्या आपल्या कल्पना कागदावर उतरवत राहिला. जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. एकावर एक टप्पे असलेलं रॉकेट, ज्वलनकक्षाला जोडलेलं नोझल आणि द्रव इंधन, या तीन गोष्टी त्या कागदांत होत्या. आज उपग्रह घेऊन जाणाऱ्या कुठल्याही मोठ्या रॉकेटचा कट-सेक्शन काढा, यातलं बहुतेक सगळं सापडेल.

त्या काळचं साधं दारूचं रॉकेट म्हणजे उष्णतेची उधळपट्टी होती. इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम दोन टक्के भाग वेगात उतरायचा. स्वीडनच्या द लाव्हाल या इंजिनिअरनं वाफेच्या टर्बाइनसाठी आधी अरुंद होत जाणारं आणि मग रुंदावणारं नोझल काढलं होतं. गॉडार्ड यांनी तेच रॉकेटला बसवलं आणि ही टक्केवारी साठच्या पुढे नेली. शिवाय हवा काढून घेतलेल्या नळीत रॉकेट पेटवून त्यांनी दाखवून दिलं की ढकलायला मागे हवा नसली तरी रॉकेट पुढे जातं. न्यूटनचा तिसरा नियम! आपण तो शाळेत पाठ करतो.

हे सगळं क्लार्कमधल्या पगारातून चाललं होतं आणि पगार संपत आला होता. म्हणून १९१६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन इन्स्टिट्यूशनला सविस्तर पत्र लिहिलं. ही संस्थाच मुळात एका इंग्लिश शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली. तिथल्या एका दात्यानं ठेवलेल्या निधीतून जानेवारी १९१७ मध्ये पाच हजार डॉलर मंजूर झाले. जगातल्या पहिल्या द्रव इंधनाच्या रॉकेटचं बीज भांडवल ते हेच.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. गॉडार्ड यांनी सैनिकाला हातातल्या नळीतून डागता येईल असं छोटं रॉकेट केलं आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सैन्याला ते डागून दाखवलं. अधिकारी खूश झाले. पण काही दिवसांतच युद्ध थांबलं आणि गिऱ्हाईक निघून गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

टिंगल

१९२० च्या सुरुवातीला स्मिथ्सोनियननं त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. सगळा भर वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणं कशी पाठवायची यावर. शेवटी शेवटी एक उल्लेख होता, की पुरेसं मोठं रॉकेट असेल तर ते चंद्रावर जाऊन आदळेल आणि त्यात प्रकाश देणारी पूड ठेवली तर तो झगमगाट दुर्बिणीतून दिसेल. बस्स, वर्तमानपत्रांना एवढंच हवं होतं! सगळीकडे मथळे झळकले. न्यूयॉर्क टाइम्सनं तर अग्रलेखात प्रोफेसरांना शाळकरी पदार्थविज्ञान येत नसल्याचा शेरा मारला. पोकळीत ढकलायला काही नसतं, मग रॉकेट चालेल कसं, असा त्यांचा सवाल. नळीतला प्रयोग त्यांनी वाचलाच नव्हता.

या टिंगलीचा परिणाम गॉडार्ड यांच्यावर खोल झाला. मुळात अबोल असलेला माणूस आणखी मिटला. आपलं काम पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही, अशी सवयच जडली. या सवयीनं त्यांना वाचवलं की बुडवलं, हा प्रश्न या लेखाच्या शेवटी तुमच्यापुढे असणारच आहे.

अडीच सेकंद

१६ मार्च १९२६. वूस्टरजवळचं ऑबर्न गाव, एफी वॉर्ड बाईंचं शेत. थंडी अजून होती. पेट्रोल आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन भरलेलं, पाइपच्या सांगाड्यासारखं दिसणारं साधारण दहा फुटी यंत्र स्टँडवर उभं होतं. गंमत म्हणजे इंजिन वरच्या टोकाला आणि टाक्या खाली. हजर माणसं चार: गॉडार्ड, त्यांची पत्नी एस्थर आणि दोन सहकारी. एकानं काठीला बांधलेल्या ब्लो-टॉर्चनं पेटवलं.

आवाज झाला, ज्वाळा आली, पण रॉकेट हलेना! इंधन जळून ते थोडं हलकं झालं तेव्हा कुठे उठलं. अडीच सेकंदांत ४१ फूट वर गेलं आणि १८४ फुटांवर कोबीच्या शेतात जाऊन पडलं. चार मजली हॉस्टेलच्या गच्चीएवढी उंची. एस्थर यांच्याकडे चावीचा मूव्ही कॅमेरा होता, तो एका वेळी सातच सेकंद चालायचा. रॉकेट जागचं हलेपर्यंत ते सेकंद संपून गेले. त्यामुळे या उड्डाणाची फिल्म नाही.

आणि बातमीही नाही. गॉडार्ड यांनी स्मिथ्सोनियनला कळवलं आणि गप्प बसले. जगाला या उड्डाणाचा पत्ता लागायला १९३६ साल उजाडलं. मोडलेल्या यंत्राचे चांगले भाग काढून पुढच्या रॉकेटला लावले गेले. पैसे कमी असले की माणूस आपोआप ‘रियुजेबल’ होतो.

लिंडबर्ग आणि गुगेनहाइम

जुलै १९२९ मध्ये बॅरोमीटर, थर्मामीटर आणि कॅमेरा घेऊन एक रॉकेट उडालं. त्याचा आवाज इतका झाला की विमान पडलं असं समजून पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स धावत आल्या. पुन्हा मथळे, पुन्हा टिंगल, आणि राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यानं मॅसॅच्युसेट्समध्ये प्रयोगांना बंदीच घातली.

पण या वेळी ती बातमी चार्ल्स लिंडबर्गनंही वाचली. १९२७ मध्ये अटलांटिक महासागर एकट्यानं विमानातून न थांबता ओलांडणारा तो हाच. त्या उड्डाणालाही एका हॉटेलमालकानं लावलेलं २५ हजार डॉलरचं खाजगी बक्षीस होतं. लिंडबर्ग क्लार्कला येऊन गॉडार्डना भेटला आणि त्यांच्यासाठी पैसे मागत फिरला. शेवटी खाणींच्या धंद्यात गडगंज झालेल्या डॅनियल गुगेनहाइम यांनी १९३० मध्ये चार वर्षांसाठी एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पहिली दोन वर्षं बघायची आणि काम पटलं तर पुढची दोन, अशी अट. आजच्या भाषेत टप्प्याटप्प्यानं दिलेलं फंडिंग.

गॉडार्ड पती-पत्नी आणि मोजके कारागीर सामान घेऊन न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल गावी गेले. कोरडी हवा, मोकळं माळरान, तुरळक वस्ती. फुप्फुसांना बरं आणि शेजाऱ्यांना त्रास नाही. डिसेंबर १९३० मध्ये त्यांचं रॉकेट दोन हजार फूट चढलं. पण गुगेनहाइम वारले, महामंदी आली आणि १९३२ मध्ये पैसा थांबला. गॉडार्ड परत क्लार्कला शिकवायला. दोन वर्षांनी गुगेनहाइम कुटुंबाच्या फाउंडेशननं पुन्हा मदत सुरू केली तेव्हा परत रॉझवेल.

तिथं झालेलं काम बघून आजही थक्क व्हायला होतं. तोल सांभाळणारा जायरोस्कोप, धुराच्या झोतात फिरून दिशा देणारी पाती, इंधन ढकलणारे पंप, भिंतीवर इंधनाचा पडदा सोडून ज्वलनकक्ष थंड ठेवण्याची युक्ती, खाली उतरताना उघडणारं पॅराशूट. मार्च १९३५ मध्ये जायरोवर चालणारं रॉकेट ४८०० फुटांवर गेलं. १९३७ मध्ये आठ हजार फुटांच्या पुढे. हे सगळं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांनी केलं. आणि सप्टेंबर १९३५ मध्ये खास बघायला म्हणून लिंडबर्ग आणि हॅरी गुगेनहाइम आले, तेव्हा मात्र रॉकेट उडालंच नाही! एक्स्टर्नल समोर आले की प्रोजेक्ट बंद पडतो, हा नियम किती जुना आहे बघा.

बंद दार

१९३६ च्या ऑगस्टमध्ये कॅलटेकमधला फ्रँक मलिना नावाचा तरुण संशोधक रॉझवेलला आला. त्याच्या ग्रुपला रॉकेटवर काम करायचं होतं. गॉडार्ड यांनी पाहुणचार केला, पण इंजिनाचे तपशील दाखवले नाहीत. पुढे हॅरी गुगेनहाइम यांनी दोघांनी मिळून काम करावं म्हणून प्रयत्न केला, तोही जमला नाही. गॉडार्ड यांचीही बाजू होती. पंचवीस वर्षं एकट्यानं खपून मिळवलेलं ज्ञान, तेही जगानं हसून हसून नकोसं केलेलं, ते असं कुणाच्या हातात कसं द्यायचं?

पण काळ थांबला नाही. मलिना, त्याचे गुरू फॉन कार्मन आणि सोबत्यांनी मार्च १९४२ मध्ये एरोजेट ही कंपनी काढली. जड विमानांना उड्डाणाच्या वेळी जोर देणारी रॉकेटं ती सैन्याला विकू लागली. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १९४१ मध्ये, रॉकेटच्या वेडानं एकत्र आलेल्या चार जणांनी नौदलाचं काम मिळवून रिअ‍ॅक्शन मोटर्स काढली. १९४७ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या एक्स-१ विमानात त्यांचंच इंजिन होतं. रॉकेटचा ‘बिझनेस’ सुरू झाला तो असा, आणि त्यात गॉडार्ड मालक म्हणून नव्हते.

तिकडे जर्मनीत लष्करानं रॉकेटवर अफाट पैसा ओतला. ऑक्टोबर १९४२ मध्ये १४ मीटर उंचीचं व्ही-२ सुमारे ८५ किलोमीटर उंच गेलं. पुढे ते शहरांवर पडलं आणि ते बनवताना छळछावणीतले हजारो कैदी मेले. सरकारी पैसा म्हणजे आपोआप पुण्यकर्म नव्हे, हेही या इतिहासानं दाखवलं.

१९४० मध्ये गॉडार्ड यांनी आपलं काम अमेरिकेच्या लष्कराला देऊ केलं होतं. लांब पल्ल्याच्या रॉकेटमध्ये त्यांना रस नव्हता. अखेर त्यांना काम मिळालं ते विमानांच्या साहाय्यक रॉकेटचं. ज्यानं मंगळाचं स्वप्न पाहिलं त्यानं युद्धाची वर्षं विमानाला धक्का देणारी इंजिनं करण्यात घालवली. पकडून आणलेल्या व्ही-२ चे भाग त्यांनी १९४५ मध्ये पाहिले आणि त्यांना त्यात आपलंच काम दिसलं. जर्मनांनी बरंचसं स्वतंत्रपणे केलं होतं, असं आज इतिहासकार मानतात. पण त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. घशाच्या कॅन्सरनं १० ऑगस्ट १९४५ ला बाल्टिमोरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६२.

दहा लाख डॉलर

यानंतरचं काम एस्थर यांचं. नवऱ्याच्या वह्या, डायऱ्या, फोटो नीट लावून त्यांनी मागाहून १३१ पेटंट मिळवली. एकूण आकडा झाला २१४. रॉकेट बनवताना सरकारला या पेटंटांना वळसा घालणं अशक्य झालं. एस्थर आणि गुगेनहाइम फाउंडेशन यांनी दावा मांडला आणि १९६० मध्ये सरकारनं दहा लाख डॉलर देऊन तो मिटवला. आधी १९५९ मध्ये नासानं मेरिलँडमधल्या केंद्राला गॉडार्ड यांचं नाव दिलं होतं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं १९२० च्या अग्रलेखाबद्दल चूक छापून मान्य केली. ४९ वर्षांनी! बझ आल्ड्रिन त्या प्रवासात गॉडार्ड यांच्या आत्मचरित्राची चिमुकली प्रत घेऊन गेला होता. त्याचे वडील क्लार्कमध्ये गॉडार्ड यांचे विद्यार्थी होते.

मग आज काय बदललं?

गॉडार्ड यांच्याकडे बुद्धी होती, पेटंट होती, पैसेवाले आश्रयदातेही होते. नव्हतं ते एकच: नियमित विकत घेणारं गिऱ्हाईक. देणगीदार मेला की काम बंद, मंदी आली की काम बंद. एकदा गिऱ्हाईक मिळालं होतं, ते युद्धाबरोबर गेलं. देणगीवर पहिलं रॉकेट उडतं, शंभरावं उडत नाही.

खाजगी अंतराळ उड्डाणाचा आजवरचा प्रवास याच कसोटीवर तपासून बघा. २००४ मध्ये स्पेसशिपवन या खाजगी यानानं माणसाला दोनदा अंतराळाच्या सीमेपार नेऊन एक कोटी डॉलरचं बक्षीस जिंकलं. हे बक्षीस लिंडबर्गनं जिंकलेल्या बक्षिसावरूनच सुचलेलं. पण नेहमीची वाहतूक त्यातून लगेच सुरू झाली नाही. याउलट स्पेसएक्सचं फाल्कन १ तीनदा अपयशी ठरून सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत पोचलं आणि त्याच डिसेंबरमध्ये नासानं अंतराळ स्थानकावर माल पोचवण्याचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. सरकार मालक न राहता गिऱ्हाईक झालं. कंपनी टिकली, डिसेंबर २०१५ मध्ये रॉकेट परत जमिनीवर उतरवलं आणि मे २०२० मध्ये अंतराळवीर नेले. ब्लू ओरिजिननं २००६ मध्ये उडवलेल्या आपल्या पहिल्या चाचणी यानाला नाव दिलं होतं ‘गॉडार्ड’. नाव अगदी योग्य, कारण तिथंही बराच काळ एका धनिकाच्याच खिशावर काम चाललं.

आपल्याकडेही २०२० मध्ये हे क्षेत्र खुलं झालं. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या अग्निकुलनं मे २०२४ मध्ये थ्री-डी प्रिंट केलेल्या इंजिनावर चाचणी उड्डाण केलं. दोन्ही उड्डाणं इस्रोच्या श्रीहरिकोटामधून. म्हणजे गॉडार्ड यांना माळरानावर जे स्वतः उभारावं लागलं, त्यातलं बरंच या पोरांना मदतीला मिळालं. इथून पुढे प्रश्न तोच राहील. पर्यटकांची हौस, उपग्रहांचं इंटरनेट, हवामानाची माहिती, यातलं कोणतं गिऱ्हाईक मंदीतही टिकेल? जे टिकेल त्याच्या जिवावर खाजगी अंतराळ उड्डाण उभं राहील. बाकीचं शो म्हणून होईल आणि संपेल.

आणि दुसरा प्रश्न बंद दाराचा. गॉडार्ड यांनी ज्ञान राखून ठेवलं म्हणून पेटंट टिकली आणि दहा लाख मिळाले. पण पैसे मिळाले तेव्हा ते हयात नव्हते. दार उघडलं असतं तर कदाचित नाव वाटून घ्यावं लागलं असतं, पण स्वतःचं रॉकेट वातावरणाच्या पार गेलेलं बघायला मिळालं असतं. कंपन्यांनाही हे ठरवावं लागतं आणि फायनल इयरच्या ग्रुपलाही. माझं मत दार उघडण्याच्या बाजूनं आहे. तुमचं वेगळं असेल तर मेसमध्ये भेटू, वाद घालू.